गाड्यांची अदलाबदल

“आज माझी गाडी तू चालवायची आणि तुझी मी,” दादा म्हणाला. “पोर्ट ऑस्टिनपर्यंत जायचं. संध्याकाळी घरी आलो की निकाल.”

मी त्याच्या गॅरेजसमोर माझी निळी कमॅरो उभी करून नुकतीच खाली उतरले होते. एप्रिल संपत आला होता. मिशिगनमधला बर्फ वितळला होता, पण रस्त्याच्या कडेला मीठ आणि मातीचा राखाडी थर अजून होता. हिवाळाभर झाकून ठेवलेल्या असल्या गाड्या लोक याच दिवसांत बाहेर काढतात. दादाची लाल मस्टँग धुऊनपुसून गॅरेजमध्ये उभी होती.

“निकाल कसला आता? तू हरलास की,” मी म्हणाले. “फोनवर स्वतःच कबूल केलंस.”

“क्लच जड लागतोय, एवढंच म्हटलं मी.”

“गिअर खरखरतो म्हणालास. स्टिअरिंग डाव्या हाताला नीट घावत नाही म्हणालास.”

“म्हणून तर म्हणतोय, चालवून बघ. टेस्टिंगवाली ना तू? सांग मला काय बिघडलंय.”

नंदावहिनी डबा घेऊन बाहेर आली. डब्यात धपाटी आणि दही होतं, वर भडंगाची पिशवी. “पन्नाशीला आला की ओ तुम्ही,” ती दादाला म्हणाली, “आणि आमच्या वन्सं काय कमी नाहीत. गाड्या काय, शर्यती काय.”

“शर्यत नाही, तुलना,” दादा म्हणाला.

आम्ही कोल्हापूरचे. उद्यमनगरात आप्पांची फाउंड्री होती. इंजिनाचे भाग ओतायचे, घासायचे, तपासायचे, हेच बघत आम्ही दोघं वाढलो. दादा, म्हणजे राजशेखर, आधी अमेरिकेत आला आणि गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. कुठला भाग किती वापरानं झिजेल याचा अंदाज बांधणं हे त्याचं काम. पाठोपाठ मी आले आणि गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एका प्रयोगशाळेत रुजू झाले. पुढं एकाच उन्हाळ्यात त्यानं मस्टँग घेतली आणि मी कमॅरो. या दोन गाड्यांचं वैर आमच्या जन्माच्या आधीपासूनचं आहे, आणि आम्ही ते अगदी घरचं असल्यासारखं अंगावर घेतलं.

भेटलो की तेच. तो माझ्या गाडीला खिडक्या पाडलेला रणगाडा म्हणायचा. मी त्याच्या गाडीला वरातीतलं घोडं म्हणायचे. दारं आपटून आवाज ऐकायचे, पत्र्यांमधल्या फटींवरून नख फिरवायचं, सीटची शिवण ओढून बघायची. दिसायला कुठली भारी यावर कधीच एकमत होणार नव्हतं, म्हणून शेवटी आम्ही एकच नियम ठरवला. ज्याची गाडी पहिल्यांदा तक्रार घेऊन वर्कशॉपमध्ये जाईल तो हरला. आणि हरलेल्यानं ते स्वतः आप्पांना फोन करून सांगायचं.

दोन हिवाळे गेले. कुणीच हरलं नाही. या फेरीच्या महिनाभर आधी, मार्चमध्ये, दादाचा फोन आला की गाडी दाखवायला नेली होती. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात खुर्चीतनं उठून उभी राहिले.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, काही दोष नाही. परत एकदा नेली. तरी तेच. त्यांना सापडत नाही गं. पण काहीतरी आहे.”

दादा हरायला एवढा उत्सुक कसा, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही.

निघालो. मस्टँगमध्ये मी पुढं, कमॅरोत दादा मागं. पोर्ट ह्युरॉनपर्यंत सगळा हायवेच. एकदा वरचा गिअर टाकला की क्लचचं कामच नाही. तिथनं पुढं सरोवराच्या काठाकाठानं जाणारा छोटा रस्ता लागला. डावीकडं नांगरलेली काळी शेतं, उजवीकडं करडं पाणी, आणि मध्येमध्ये दोन दुकानं आणि एक चर्च एवढीच गावं. प्रत्येक गावात थांबायचं, परत पहिल्या गिअरपासून सुरुवात. गाडी तपासायला याच्याइतका चांगला रस्ता नाही.

मी मनापासून दोष शोधत होते. क्लच हळू सोडून बघितला, झटक्यानं सोडून बघितला. चढावर गाडी नुसत्या क्लचवर धरून ठेवली. दुसऱ्यातनं तिसऱ्यात, तिसऱ्यातनं परत दुसऱ्यात. गिअर जिथल्या तिथं पडत होता. स्टिअरिंग सरळ. खिडकी उघडी ठेवून आवाज ऐकला, तोही स्वच्छ, भरलेला. मी इतक्या गाड्या चालवल्या होत्या, पण इतकी निरोगी गाडी क्वचितच हाताखालनं गेली होती. मला जरा रागच आला. नसता बिघाड सांगून याला काय मिळालं?

लेक्सिंग्टन नावाच्या गावात बंदराजवळ कॉफीसाठी थांबलो. मी कॉफी घेऊन बाहेर येऊन उभी राहिले तरी दादाचा पत्ता नव्हता. मग कमॅरो आली आणि गचके खात उभी राहिली. दादा उतरला तो छपराला धरूनच.

“तुझीपण तसलीच की गं,” तो म्हणाला.

“कसली?”

“क्लच दगडासारखा. गिअर टाकताना खरखर. दोघी एकाच माळेचे मणी.”

“काहीही बोलू नको. सकाळी मीच चालवत आणली. लोण्यासारखा क्लच आहे तिचा.”

“मग माझ्या गाडीचा?”

“तुझ्या गाडीचापण. तुझ्या गाडीत काहीच नाही, दादा. त्या वर्कशॉपवाल्यांना उगाच बोललास.”

त्यानं कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला होता. पाण्यावरनं बोचरा वारा येत होता, म्हणून मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. तो कपात बघत राहिला.

“नीट बघितलंस?”

“बघितलं.”

“गरम झाल्यावर?”

“गरम झाल्यावरपण बघितलं. चढावरपण बघितलं. तुझं वय झालंय, दुसरं काही नाही.”

मी हसले. तोही हसला, पण जरा उशिरानं. मग म्हणाला, “बरं, अजून थोडं पुढं जाऊ. लगेच कशाला ठरवायचं?”

“गाड्या परत बदलू या का?”

“नको. ठरलंय तसंच जाऊ.”

हार्बर बीचच्या अलीकडं पेट्रोल भरायला डावीकडं वळायचं होतं. समोरून लांबवर खडी भरलेला एक ट्रक येत होता. मला भरपूर वेळ होता, मी वळले. वळता वळता आरशात बघितलं. कमॅरोही वळायला लागली होती. मग तिनं एक हिसका खाल्ला आणि समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये आडवी बंद पडली.

मी गाडी कडेला घेतली. आता चालू होईल असं वाटलं. होत नव्हती. ट्रकचा भोंगा सुरू झाला तो थांबेचना. मी दार उघडून धावले. “दादा, उतर! उतर!” असं ओरडत होते, पण भोंग्यात मलाच माझा आवाज ऐकू येत नव्हता. ट्रकवाल्यानं शेवटच्या क्षणी ट्रक दुसऱ्या मोकळ्या लेनमध्ये ओढला. कमॅरोच्या शेपटीपासून हातभर अंतरावरनं तो गेला. वरची खडी सांडून रस्त्यावर उडाली, आणि बरंच पुढं जाऊन ट्रक तिरका थांबला.

मी कमॅरोपाशी पोचले आणि काचेतनं आत बघितलं.

दादा दोन्ही हातांनी स्वतःचा डावा गुडघा खाली दाबत होता. सगळा भार टाकून, दात आवळून. क्लच पुरता दाबल्याशिवाय गाडी चालू होत नाही, आणि त्याचा पाय क्लच दाबत नव्हता. हातांनी गुडघ्यावर कितीही जोर दिला तरी पाऊल पेडलवरनं घसरत होतं. एखादी जड पिशवी कुणी पायऱ्यांवर ठेवायचा प्रयत्न करावा आणि ती सारखी कलंडावी, तसं ते पाऊल दिसत होतं.

ट्रकवाला उतरून आला आणि तोंडाला येईल ते बोलला. मी सॉरी, सॉरी म्हणत राहिले. मग त्यानं आत बसलेल्या दादाकडं बघितलं आणि एकदम गप्प झाला. त्यानंच दादाला खांद्याला धरून बाहेर काढायला आणि पलीकडच्या सीटवर बसवायला मदत केली. काय झालंय म्हणून विचारलंही नाही.

रस्त्यापलीकडं सरोवराच्या काठाला गाड्या लावायची जागा होती. मी कमॅरो तिथं नेली. इंजिन बंद केलं. समोर पाणी होतं, दुसरं काही नव्हतं.

दादानं विचारलं, “गाडीला काही झालेलं नाही ना?”

“काही नाही. थोडी खडी लागली असंल.”

“ही नव्हे. माझी.”

“तुझीला? नाही दादा. मगाशीच सांगितलं की.”

“परत सांग.”

“तुझ्या गाडीत काही दोष नाही.”

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, “बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तेच ठेवायचं. बरोबर?”

मला आता पुढचं दिसायला लागलं होतं आणि ते त्यानं बोलू नये असं वाटत होतं.

“रस्ता तोच ठेवला. हवा तीच. माणूस तोच. नुसती गाडी बदलली,” तो म्हणाला. “आज सकाळी तुझ्या गाडीत बसताना मी अंबाबाईला काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, आई, माझी गाडी भंगार निघू दे. ह्या पोरीची चांगली चालू दे. आयुष्यभर तिला म्हणू दे, तू हरलास, तू हरलास. मी आप्पांना फोन करून सांगतो.”

“दादा...”

“मी हरायला आलो होतो गं.”

त्यानं डावा हात माझ्यापुढं धरला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये जी मांसल गादी असते ती जवळजवळ नव्हतीच. तिथं खळगा पडला होता. मग त्यानं बाही वर केली. दंडावर कातडीखाली काहीतरी सारखं वळवळत होतं, उकळी फुटायच्या आधी पाणी हलतं तसं. तो हात नुसता माझ्या मांडीवर ठेवलेला होता, तरी ते थांबत नव्हतं.

“कधीपासून?”

“दिवाळीच्या सुमारास लक्षात आलं. आधी बोटं. मग पाय.”

“डॉक्टरला नाही दाखवलंस?”

“गाडी दाखवली की,” दादा म्हणाला. “दोनदा.”

मला रडू आलं. तो मला रडू देत पाण्याकडं बघत बसला. जरा वेळानं त्यानं उजव्या हातानं माझ्या पाठीवर थोपटलं. लहानपणी पडले की थोपटायचा तसंच, जरा जोरातच.

“नंदाला एवढ्यात सांगू नको,” तो म्हणाला. “आधी दाखवून येऊ. काय असेल ते कळलं की मी सांगतो.”

“बरं.”

“आता एक गाडी इथंच सोडावी लागणार. चालवणारी तू एकटीच.”

“तुझी नेऊ या,” मी म्हणाले.

त्यानं नाही म्हटलं नाही. कमॅरो तिथंच ठेवून मी त्याला रस्ता ओलांडून मस्टँगपर्यंत नेलं. माझ्या खांद्यावर हात टाकून तो चालला. तेव्हा पहिल्यांदा मी त्याच्या चालण्याकडं नीट बघितलं. डावं पाऊल जमिनीवर टेकताना आपटत होतं. सकाळपासून, कदाचित महिन्यांपासून, ते असंच आपटत असणार. मी गाडीच्या आवाजात इतका बारीक फरक ऐकणारी बाई, आणि हे मला ऐकू आलं नव्हतं.

स्वतःच्या गाडीत बाजूच्या सीटवर तो कधी बसला नव्हता. पट्टा लावायला त्याला वेळ लागला. मी मदत केली नाही, कारण तो तसं म्हणाला नाही. परतीच्या सगळ्या रस्त्यात तो डोळे मिटून इंजिन ऐकत होता. पोर्ट ह्युरॉन मागं पडल्यावर एकदाच म्हणाला, “खरंच छान चालते गं.”

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. वहिनी दारातल्या वाफ्यात माती उकरत होती. गाडी बघून ती उठली.

“एकच? दुसरी कुठं हाय?”

“गिरिजाच्या गाडीचा क्लच गेला,” दादा काच खाली करून म्हणाला. “वाटेत सोडून आलो. जिंकलो बघ मी.”

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मग ती दादाच्या बाजूला आली. मातीचे हात पदराला पुसले, दार उघडलं, त्याचा पट्टा सोडला, एक हात त्याच्या काखेत घातला, गुडघा त्याच्या गुडघ्याला लावला आणि एका दमात त्याला उभं केलं. कुठंही अडखळली नाही. हे ती पहिल्यांदा करत नव्हती.

“क्लच गेला म्हणं,” ती म्हणाली. “अहो, दिवाळीपासनं तुमच्या शर्टाची बटणं कोण लावतंय? मोजे कोण घालतंय? मान अवघडलीया म्हणालात, मी म्हटलं बरं. थंडीनं बोटं आखडतात म्हणालात, मी म्हटलं बरं. मला क्लच सांगताय व्हय?”

“नंदा...”

“मी वाट बघत होते. आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही गाडी वर्कशॉपला नेताय आणि मी इथं देवाजवळ बसून रडतीया.”

दादा तिच्या खांद्यावर डोकं टेकून तिथंच, गाडी आणि दार यांच्यामध्ये, उभा राहिला. शेजारचा म्हातारा कुत्र्याला घेऊन जाताना हात हलवून गेला. वहिनीनंही त्याला हात हलवून दाखवला.

डॉक्टरांचं पुढं सगळं झालं. सुया टोचून तपासण्या, रक्त, पाठीच्या कण्याचे फोटो. जो आजार नसावा म्हणून इतर सगळे आजार तपासत जातात, तोच निघाला. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. डोकं मात्र शेवटपर्यंत जागं राहतं. डॉक्टर बाई भली होती. तिनं घाई केली नाही, काही लपवलंही नाही. दादानं तिला एकच विचारलं, “काय काय कुठल्या क्रमानं बंद पडणार, ते सांगा.”

ती म्हणाली, “प्रत्येकाचा क्रम वेगळा असतो.”

बाहेर आल्यावर दादा मला म्हणाला, “आमच्या कंपनीत कुणी असलं उत्तर दिलं असतं तर मी रिपोर्ट परत पाठवला असता.” जिभेवर तेव्हाच थोडा जडपणा आला होता.

मी कमॅरो त्या फेरीच्या दुसऱ्याच दिवशी एका मैत्रिणीबरोबर जाऊन आणली होती. बॉनेटवर खडीचे दोन टवके उडाले होते. कुठली गाडी चांगली, याबद्दल आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. दादाची मस्टँग विकून टाकावी असं मीच वहिनीला सुचवलं. खुर्ची चढवायला उतरती फळी असलेली मोठी व्हॅन दारात आली होती, चाकांची खुर्ची आली होती, गॅरेजमध्ये जागा नव्हती.

“नको,” वहिनी म्हणाली. “मी शिकते.”

तिनं आजवर ऑटोमॅटिकशिवाय काही चालवलं नव्हतं. बंद पडलेल्या एका मॉलच्या आवारात दादानं तिला शिकवलं. तिनं आणि मी मिळून त्याला बाजूच्या सीटवर बसवायचं, मानेला आधार द्यायचा, आणि त्यानं सांगायचं. “आता दाब. आता सोड. हळू. अगं हळू.” ती गाडी बंद पाडायची, चिडायची, परत चालू करायची. तो चिडायचा नाही. उन्हाळा संपेपर्यंत ती गाडी रस्त्यावर काढायला लागली. दर रविवारी दोघं फिरायला जायची. कधी मीही मागच्या सीटवर पाय दुमडून बसायचे.

पुढच्या वसंतात त्याचं बोलणं गेलं. हात गेले होतेच. डोळे तेवढे राहिले. तरी रविवार चुकला नाही. गिअर कधी बदलायचा ते वहिनीला आता चांगलं कळत होतं, पण ती त्याला विचारल्याशिवाय बदलत नव्हती. आवाज चढला की ती त्याच्याकडं बघायची. तो पापणी मिटायचा. मग ती गिअर टाकायची.

तो गेला त्याच्या आधीचा शेवटचा रविवार मला आठवतो, कारण त्या दिवशी मी मागं होते. पानं पिवळी झाली होती. शेतांमधल्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर वहिनीनं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली. वेग वाढला. इंजिनाचा आवाज चढला, आणखी चढला. माझ्या पाठीला सीट थरथरत होती. वहिनीनं दादाकडं बघितलं.

त्यानं पापणी मिटली नाही.

“अहो,” ती म्हणाली. “बदलू?”

तो समोर बघत इंजिन ऐकत होता. आवाज आता ओरडण्यासारखा झाला होता. माझा हात आपोआप पुढच्या सीटवर गेला, आणि मी सांगणार होते, वहिनी, बदल. पण मी हात मागं घेतला. वहिनीनं त्याच गिअरमध्ये गाडी धरून ठेवली, एक डोळा रस्त्यावर, एक त्याच्यावर. शेतं संपली, एक कोठार गेलं, परत शेतं लागली.

मग दादानं पापणी मिटली, आणि वहिनीनं गिअर बदलला.